जमिनीवरचे ठिपके

नकाशातला समुद्रावरचा ठिपका जमिनीवर आला की तो खोटा, हे ठरवलं कुणी? धाकट्यानं हे संस्थेतल्या साहेबांना विचारलं, आईला विचारलं, चिडून भिंतीलाही विचारलं. 

त्याची ताई समुद्र मोजणाऱ्या संस्थेत होती. बोटीतून जाऊन ती पाण्यात मापकं सोडायची, आणि ती मापकं प्रवाहाबरोबर वाहत, आपण कुठं आहोत, किती खोल, किती गार, ते कळवत राहायची. त्या माहितीचा भलामोठा नकाशा कुणालाही मोबाइलवर उघडता येई. प्रत्येक मापकाचा एक ठिपका; त्यावर बोट ठेवलं की आकडे समोर. शाळा अर्ध्यात सोडलेल्या धाकट्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ताईचे ठिपके बघितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

मग बोट बुडाली. ताई, तिचा कामातला जोडीदार आणि बोटीचा म्हातारा चालक, तिघांपैकी कुणीच सापडलं नाही. काही दिवसांनी नकाशावर तीन नवे ठिपके उगवले आणि प्रवाहाच्या उलट, माणसाच्या चालीनं, किनाऱ्याकडे निघाले. किनाऱ्यावरही ते थांबले नाहीत. रस्त्याच्या कडेनं चालत राहिले, चौकात थबकले, इमारतींना वळसा घालून पुढं आले. आकडे मात्र खोल समुद्राचेच: खोली नऊशे मीटर, तापमान चार.

"बिघडलीत रे ती यंत्रं," साहेब म्हणाले. "जमिनीवरचे ठिपके आम्ही काढूनच टाकतो. नाहीतर सगळा नकाशा नासेल."

"नासू दे! माझी ताई घरी येतेय."

"बाळा, असं नसतं."

"मग कसं असतं ते सांगा! नाही ना येत सांगता? खबरदार पुसलंत तर!" असं म्हणत त्यानं साहेबांच्या कॉम्प्युटरची वायरच उपटली.

साहेब रागावले नाहीत. वायर हातात घेऊन म्हणाले, "नकाशा ह्यात नसतो रे. पुसायचं काम आता सुरूही झालं असेल."

तो धावत सुटला. घरी पोचला तेव्हा बाहेर भर दुपारचं ऊन रणरणत होतं आणि आई शाल लपेटून बसली होती.

"दार लाव आधी. केवढा गारठा येतोय!"

त्यानं मोबाइल काढला. तिन्ही ठिपके त्याच्या दाराशी उभे होते, आणि दारात चिटपाखरू नव्हतं. बघता बघता एक ठिपका विझला. मग दुसरा. तिसऱ्यावर त्यानं बोट दाबून धरलं, जणू बोटाखाली तो पुसता येणार नव्हता. बोट उचललं तेव्हा तिथं नुसता रस्ता होता.

"अरे, ऐकू येतंय का? दार लाव म्हणतेय ना!"

"नाही लावणार."

त्यानं मोबाइल फेकून दिला, दाराची दुसरी फळीही सताड उघडली, आणि "पाय पुसत बसू नका, या" असं म्हणून, तिघांना एकदम आत येता येईल इतका तो भिंतीला चिकटून उभा राहिला.