दुप्पट तापमान

मेट्रोने साकीनाका सोडलं आणि रश्मीच्या लक्षात आलं, पाचव्या प्रकरणातल्या एका समीकरणात दोनचा आकडा गळलाय.

बारा वाजता अंधेरीत, चकाल्याला तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. घाटकोपरहून निघताना वडील, राजाराम, म्हणाले होते, "घाबरू नको गं, सगळं तुझंच तर काम आहे." आणि शेवटची उजळणी करताना हे दिसलं.

सहा वर्षं यात गेली होती. कृष्णविवरात पडणारा अणू पडता पडता प्रकाश सोडतो, हे इतरांनी आधीच मांडलं होतं. त्या प्रकाशाचं तापमान अपेक्षेपेक्षा दुप्पट येतं, असं रश्मीचं म्हणणं. तिने प्रबंधाच्या समासात पेन्सिलीने पुन्हा मांडणी केली. दोन घातला की तापमान नेहमीचंच येत होतं.

चकाल्याला उतरताच तिने मार्गदर्शक चंद्रप्रकाश सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"अजून कुणाला बोललीस?"

"नाही, सर."

"मग गप्प बस. शुभा मॅडम परीक्षक आहेत, पण एवढ्या खोलात जायच्या नाहीत. नंतर दुरुस्त करू ना!"

बाराला परीक्षेच्या खोलीचं दार लागलं. पहिलीच स्लाइड दुप्पट तापमानाची. सर खिडकीबाहेर बघत होते.

"मॅडम, ही स्लाइड चुकीची आहे," ती म्हणाली. "आज सकाळी सापडलं."

शुभा मॅडमनी चष्मा काढला. "फळ्यावर दाखवा. पहिल्या ओळीपासून."

पाऊण तास ती लिहीत राहिली. खडू दोनदा तुटला. उत्तर आलं ते सगळ्यांना आधीपासून माहीत असलेलं.

"पाचवं प्रकरण गेलं," मॅडम म्हणाल्या. "तिसरं-चौथं पक्कं आहे, पण तेवढ्यावर पदवी देता येत नाही. सहा महिन्यांत नवं प्रकरण लिहा आणि परत या."

सर निघून गेले. रश्मीने जिन्यातूनच घरी फोन केला.

"वाट लागली, पप्पा. सहा महिने वाढले. चूक होती, मीच सांगितली."



"म्हणजे डिसेंबर," राजाराम म्हणाले. "डिसेंबर काय लांब आहे?"

मग मात्र ती पायरीवर बसली आणि तिला रडू आवरेना.