आपल्या पुढ्यातलं

माझे मालक गेले ते पायाच्या एका फोडानं. खरं म्हणजे साखरेच्या आजारानं. आधी नजर गेली, मग पाय काळा पडला. आमच्या दापोडीच्या घरात सगळे एकाच मोठ्या थाळ्यात जेवतात. त्यातला भात, गूळ, तूप मी रोज त्यांच्या बाजूला सारायचे. प्रेमानं, आणि काय! त्या प्रेमाचा मला अजून संताप येतो.

छप्पन साली धाकटा दीर अकबर वर्कशॉपातून आला की तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागला. मालकांचंही असंच सुरू झालं होतं. नको नको म्हणत असताना त्याला खडकीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याची लघवी नळीतल्या निळ्या औषधात तापवली. औषध हिरवं झालं.

“तुमच्या मालकांचं विटेसारखं लाल व्हायचं,” डॉक्टर म्हणाले. “हा अजून हिरव्यावर आहे. खाणं सांभाळलं तर पुढचं टळेल. भात, गूळ बंद. ज्वारीच्या दोन भाकरी, डाळ, भरपूर पालेभाजी. अंगमेहनतीचं काम आहे म्हणून दोन, नाहीतर एकच दिली असती. आणि हे सासूबाईंना लावू नका. त्या वाळल्यात, त्यांना दूधभातच द्या.”

घरी येऊन मी अकबरचं ताट वेगळं वाढलं. सासूबाईंनी, म्हणजे शहाजादी अम्मांनी, ते सरकवून दिलं.

“गल्लीत येगळं ताट क्षयाच्या माणसाला देत्यात. जित्या पोराला वाळीत टाकतीस व्हय, रोशन?”

अकबर न जेवताच उठला. मलाही घास गेला नाही.

दोन दिवस डोकं शिणवलं. मग आठवलं, याच अम्मा घरातल्या पोरांच्या हातावर चापटी मारून शिकवायच्या, “आपल्या पुढ्यातलं खावं, दुसऱ्याच्या पुढ्यात हात घालू न्हाई.” तिसऱ्या दिवशी तोच मोठा थाळा मांडला. अकबरच्या बाजूला भाकरी न् मेथी, अम्मांच्या बाजूला दूधभात, मधे डाळीचं भांडं. अम्मांनी थाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं जेवल्या. दोन महिन्यांनी नळीतलं औषध निळंच राहिलं.

मग मालकांची बरसी आली. त्यांच्या आवडीचा जर्दा केला. पिवळा, गोड भात, तुपानं माखलेला. अम्मांनी मूठभर उचलला आणि त्यांचा हात अकबरच्या बाजूला निघाला. अकबरनं मान खाली घातली. आईच्या हाताला नाही कोण म्हणणार? तो खाणार होता.

मी सगळ्यांदेखत सासूचं मनगट धरलं.

“अम्मा, मालकांच्या पुढ्यात मी हेच सारायचे.”

 अम्मांनी हात सोडवून घेतला नाही.

“माझ्या थोरल्या चांदला तर आता भरवता येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “ह्यालाबी न्हाई. मग ह्यो घास कुणाला घालू, सांग.”

 मी मनगट सोडलं आणि आपलं तोंड पुढे केलं. या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली होती. अम्मांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा भरवलं.