पाचव्या हिश्शाचा खिमा

काकीला सगळं म्हणावं, पण हात आखडता म्हणू नये. तसं म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा तिच्या दारात उभा राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिच्या कारखान्यात पास्त्याच्या उश्या व्हायच्या. पिठाची पातळ पारी, आत खिम्याचं सारण, कडा दाबून बंद, मग थंड खोलीत दगडासारख्या गोठवून खोक्यात. नवरा होता तेव्हा हे सगळं घरातल्या दोन पातेल्यांवर चालायचं. तेव्हापासून तिची एकच रीत. खाणाऱ्यानं पहिल्या घासाला म्हटलं पाहिजे, भरलंय बाई कुणीतरी जीव लावून.

नवरा गेला, मग मुलगाही गेला. राहिल्या सून आणि नात. कारखाना काकीच्या नावावर होता, पण माल परदेशी पाठवायचा परवाना सुनेनं काढला, कारण काकीच्या हाताला पीठ चिकटायचं, अक्षरं कधी चिकटली नाहीत. इथल्या बाजारात मोठ्या कंपन्यांपुढे त्यांचं काही चालेना. बाहेरून पहिली मागणी आली तेव्हा सुनेनं सासूला समोर बसवून सांगितलं.

"आई, कस्टममध्ये प्रत्येक मालाचा वर्ग ठरलेला असतो. आपल्या उश्यांना दोन घरं आहेत. खिमा एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असला तर तो पिठाचा माल. त्याच्या वर गेला की मांसाचा. मांसाच्या मालाला जनावरांच्या डॉक्टरचे दाखले लागतात, थेट कत्तलखान्यापासूनचे. ते आपल्याकडे नाहीत आणि मिळणारही नाहीत. मी पिठाचा माल म्हणून सही केलीय. वेगळं निघालं तर मी खोटं लिहून दिलं असं होईल. परवाना जाईल, मग कारखान्याला कुलूपच."

"म्हणजे पोटभर घातलं तर गुन्हा, आणि उपाशी मारलं तर परवाना," काकी म्हणाली.

"फसवत नाही आपण कुणाला. किती आहे ते खोक्यावर छापलंय."

"खोकं कोण खातंय?"

सुनेनं वाद वाढवला नाही. सारण भरायच्या मशीनचा काटा तिनं स्वतः बसवला. खिमा कमी, बटाटा आणि पावाचा चुरा जास्त. उश्या बाहेर आल्या त्या आजारी माणसाच्या गालांसारख्या. काकीनं एक उचलली, मोडली, आत पाहिलं आणि एक शब्द बोलली नाही. कामावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. काकी बोलते तेव्हा कुणी घाबरत नसे.

सून गाडीचं ठरवायला बंदरावर गेली त्या दुपारी काकीनं बाह्या वर केल्या. दोन जुन्या बायका हाताशी घेतल्या आणि आपल्या हातानं सारण भरलं, पूर्वीसारखं, पारी ताणेल इतकं. ती खोकी तिनं कंटेनरच्या अगदी तोंडाशी रचायला लावली. साहेब लोक पुढचंच खोकं उघडतात, आत कोण घुसतंय? त्या पहिल्या खोक्यात घराची अब्रू राहिली पाहिजे. पाचवा हिस्सा ती विसरली होती असं नाही. पण वाटीत सांगितल्यापेक्षा जास्त निघालं म्हणून कुणी रागावल्याचं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. सरकार झालं तरी शेवटी जेवणारीच माणसं. सुनेला तिनं सांगितलं नाही. पाहुणे यायच्या आधी घर झाडलं तर कुणी दवंडी पिटतं का?

कस्टमच्या तपासणीच्या खोलीत पांढऱ्या फरशा होत्या, मधोमध गटाराची जाळी, स्टीलचं टेबल आणि औषधाचा वास. साहेबाला सर्दी झाली होती. नाक पुसत पुसत त्यानं पुढच्या खोक्यातल्या उश्या कोमट पाण्यात सोडल्या, कडा कापल्या, सारण चाळणीत धुऊन खिमा वेगळा काढला आणि वजन केलं. मग पुन्हा केलं. काकी स्टुलावर बसून बघत होती. त्या टेबलावर आपल्या उश्या कशा टच्च दिसतायत, एवढंच तिला दिसत होतं.

"बाई," साहेब सुनेला म्हणाला, "यात निम्मा खिमा आहे."

सुनेचा चेहरा राखेसारखा झाला. साहेबानं माणसाला पाठवून कंटेनरच्या पोटातलं खोकं काढवलं. त्यात खिमा पाचव्या हिश्शाच्या आत, अगदी लिहिला होता तेवढा.

त्यानं सुरी खाली ठेवली. "चोर पुढे साव असतो आणि मागे चोर. तुमच्याकडे उलटं आहे. असला चोर माझ्या तरी पाहण्यात नाही."

सुनेनं एकदाच सासूकडे पाहिलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं. पण तिनं वेळ घालवला नाही.

"साहेब, पुढची खोकी इथल्या बाजारासाठीची. भरताना चुकून मिसळली. परदेशी जायचा माल आतला."

साहेब माणूस वाईट नव्हता. शिवाय नाक वाहत होतं, त्याला घरी जायचं होतं. "तसं असेल तर तेवढी खोकी उतरवा, दंड भरा, बाकीचा माल जाऊ दे. फक्त ज्यानं माल बनवला त्याच्या तोंडून मला ऐकावं लागेल. कारखान्याची मालकीण कोण?"

"मी," काकी म्हणाली.

त्यानं दोन ताटल्या तिच्यासमोर सरकवल्या. एकीत टच्च उश्या, दुसरीत चपट्या. "आजी, बाहेर पाठवायचा तुमचा माल यातला कोणता?"

बोट दाखवायचं होतं, बस. काकी मूर्ख नव्हती. टेबलाखाली सुनेनं तिच्या पायावर पाय ठेवला होता, तोही तिला समजत होता. तिनं हात उचललाही. पण साहेबानं रुमाल खिशात घालत, लंगड्या पोराबद्दल विचारावं तसं, हळूच विचारलं, "हा चपटा तुमचा, ना?"

आणि जन्मभराची जीभ डोक्याच्या आधी धावली.

"हा? हा नाही माझा माल. माझ्या हातचा तो. सगळीच खोकी तशी भरायची होती मला, हातांनी उरकलं नाही."

साहेबानं पेन उघडलं. "सगळीच तशी भरायची होती. म्हणजे चुकून मिसळलेली नाहीत," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"अहो, माझी बोलायची तऱ्हाच आहे तशी," काकी म्हणाली. "चपटाच आमचा. चपटा लिहा."

"आजी, लिहून झालं."

"मग खोडा की. माणूस चुकत नाही का बोलायला?"

साहेबानं सुनेकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिचा पाय काकीच्या पायावरून कधी निघाला ते काकीला कळलंच नाही.

सगळाच माल जप्त झाला. तो नष्ट करताना मालकाला हजर राहावं लागतं, तसा नियम आहे. बंदरामागच्या खड्ड्यात खोकी फोडून ओतली आणि कुणी उचलून खाऊ नये म्हणून एका माणसानं वरून जांभळं औषध टाकलं.

"अरे, कुत्र्यांना तरी घाला," काकी त्याला म्हणाली.

"कुत्र्यांनाही चालत नाही, आजी," तो म्हणाला.

परवाना गेला. खोटं लिहून देणाऱ्यांत सुनेचं नाव चढलं, तिच्या नावानं पुन्हा तो मिळायचा नव्हता. बायका दुसरीकडे कामाला लागल्या, थंड खोलीची वीज तोडली. सून भांडली नाही. भांडली असती तर काकी तिला पुरून उरली असती. न भांडणाऱ्याशी कसं लढायचं ते काकीला कुणी शिकवलं नव्हतं. सून स्वयंपाक करी, सासूला वाढी, मीठ हवं का विचारी, आणि नातीला घेऊन आतल्या खोलीत जाई.

एक दिवस ती म्हणाली, "आई, भावानं त्याच्या गावात काम बघितलंय. आम्ही जातो."

काकीनं एक वाक्य तयार केलं. चुकलं माझं, राहा. लहानसंच होतं. भाजी चिरताना, अंथरूण घालताना ती ते तोंडात घोळवत राहिली. निघायच्या सकाळी सून दारात बॅग घेऊन उभी राहिली.

"गोळ्या फडताळात वर ठेवल्यात. सकाळची पांढरी."

"मला डोळे आहेत," काकी म्हणाली. मग वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं. "भावजय दोन दिवस गोड बोलेल, मग भांड्यांचा ढीग दाखवेल. तेव्हा माझी आठवण काढू नकोस."

"नाही काढणार," सून म्हणाली. रागानं नाही. बाजारातून काही आणायचं नाही ना, असं विचारल्यावर माणूस सांगतो तसं. नातीचा हात धरून ती जिना उतरली.

काकी खिडकीपाशी गेली, पण तिनं ती उघडली नाही. हाक मारायला तोंडात शब्द नव्हता असं नाही. सवय नव्हती.