मोकळं मनगट

अमरनं बॅगेतून ती लाल दोरी काढून बापापुढं धरली, आणि महिपतच्या हातातला चहा बशीतच राहिला.

दोरी तरी कसली, वीतभर गुंडाळी. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी, ओढली की लांब होणारी, सोडली की अंग चोरून बसणारी. एका टोकाला मनगटाचा पट्टा, दुसऱ्या टोकाला इवलीशी खुंटी.

"याच्यापायी किती भांडलो मी क्लबवाल्यायसंगं, बाबा. पट्टा माह्या हातात, खुंटी गाडीच्या खटक्यात. मी पडलो का खुंटी निघते, इंजिन जाग्यावर बंद."

"हाताले बांधतेत?"

"हो ना."

"मंग नको."

महिपत उठून गोठ्याकडं चालू लागला. अमर हातात दोरी घेऊन तसाच उभा राहिला.

अमर ड्रॅग रेसचा गडी. हैदराबादच्या एका टीमकडून पगारावर गाडी पळवायचा. सरळसोट रस्ता, दोन मोटारसायकली, हिरवा दिवा, आणि बघणाऱ्यानं घेतलेला श्वास सोडायच्या आत निकाल. त्याच्या गावच्या, बेल्याच्या म्हाताऱ्यांनी या खेळाला आपल्यापुरतं नाव ठेवलं होतं, इंजिनाचा पट. शंकरपटात तरी वेगळं काय असतं? तिथं बैल, इथं गाडी. धूळ तीच, आरोळी तीच. एका शर्यतीत अमरचा जोडीदार पडला, गाडी पायावर आडवी झाली आणि मागलं चाक फिरतच राहिलं. पोरगा कुबडीवर आला. तेव्हापासून अमरच्या तोंडी वेग कमी आणि जीव जास्त. कडेला जाळी पाहिजे, शेवटाला वाळू पाहिजे, ॲम्ब्युलन्स उभी पाहिजे, आणि प्रत्येकाच्या हाताला दोरी पाहिजे. शर्यती भरवणारे क्लबवाले हसायचे, "तू रेसर है या बीमावाला?" पण अखेर नमले. दोरीचा नियम लागला, आणि पहिली शर्यत ठरली ती बेल्याजवळच्या नव्या, अजून न उघडलेल्या रस्त्यावर. आपल्या गावात, आपल्या माणसांपुढं. महिपतनं आजवर पोराची एकही शर्यत पाहिली नव्हती. या खेपेला येतो म्हणाला होता.

अमर गोठ्यात गेला. "बाबा, मोठ्या बाबाची गोष्ट येगळी होती."

"येगळी कशी? तोबी असाच हासून राह्यला होता."

मोठा बाबा म्हणजे तुळशीराम, महिपतचा थोरला भाऊ. दहा गावांत त्याच्यासारखा धुरकरी नव्हता. छकड्यावर उभा राहिला की बैलांच्या अंगात वारं शिरायचं. त्या दिवशी कासरा हातातून निसटू नये म्हणून त्यानं तो मनगटाला वेढे देऊन बांधला. बांधून कोणी दिला? धाकट्यानं, महिपतनं. पट जिंकला, पण शेवटाला चाक दगडावर चढलं, तुळशीराम खाली आला, आणि बैल थांबले नाहीत. कपाशीच्या, उभ्या पऱ्हाटीच्या शेतातून त्याला ओढत नेलं. गाठ काही सुटली नाही. महिपतची गाठ पक्की असायची. म्हातारी आई पुढं जन्मभर जात्यावर एवढंच म्हणत राहिली:

बैल आले परतून, धूळ बसली पटात,
लेका तुळशीरामा माझ्या, कासरा रे मनगटात.

"कासरा माणसाले बैलासंगं ओढते, बाबा," अमर समजावत म्हणाला. "हे दोरी माणसाले सोडते. उलटं हाय हे."

"दोरीले काय समजते उलटं का सुलटं?" महिपतनं त्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला. "माह्या गळ्याची आन हाय तुले. हात मोकळा ठेव. बांधशीन तर मी येत नाई, आन घरीबी दिसत नाई."

अमरनं दोरी खिशात घातली. मग हसला. "बरं, बाबा. पन या तुमी. जाळीजवळ उभं राहा. मले दिसलं पाहिजे."

दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणूस मावत नव्हता. भज्यांचा घाणा, पिपाण्या, जळक्या रबराचा वास. गाड्या उभ्या राहायच्या जागेवर रंजीता होती, अमरची बायको. दोऱ्या तपासायचं काम तिच्याकडं. एकेकाचा हात वर करायला लावायची, पट्ट्याला हिसका द्यायची.

"वहिनी, राखी बांधून राह्यल्या का?" एक रेसर म्हणाला.

"हो. ओवाळनी तयार ठेव. पडला अन् इंजिन बंद झालं, का मले ओवाळनी मिळाली."

सगळे हसले. अमरच्या पट्ट्याला तिनं दोनदा हिसका दिला. दुसऱ्या खेपेला बोटं जरा जास्तच वेळ मनगटावर राहिली. मग ती बाजूला झाली.

महिपत जाळीला बोटं अडकवून उभा होता. अमरच्या हाताला ती लाल दोरी दिसली. ऐकलं नाही पोरानं. डोळ्यांपुढं पऱ्हाटी हलली. जावं निघून, असं त्याच्या मनात आलं; पाय मात्र उचलेनात.

तेवढ्यात अमरनं मान वळवली. हेल्मेटच्या काचेमागं डोळे दिसत नव्हते, पण तो जाळीकडंच पाहत होता. रंजीता पाठमोरी होती. अमरनं हळूच मनगटाचा पट्टा सोडला, गाडीच्या हँडललाच अडकवला, आणि मोकळा हात बापाला दिसेल असा वर केला.

महिपतला भरून आलं. इतकं सुख त्याला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. "माहा हाय तो," तो शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला. "माहा पोरगा. बापाचं आयकते."

हिरवा दिवा लागला.

गाडीनं पुढचं चाक उचललं, लोकांनी आरोळी दिली. चाक खाली आलं ते तिरकं आलं. गाडी उजव्या अंगावर कोसळली, तिच्याखाली अमर. हँडलची मूठ रस्त्यावर दाबून पिळली गेली, ॲक्सिलरेटर उघडाच अडकला. इंजिन किंचाळत राहिलं. मागलं चाक अमरच्या मांडीवर फिरत राहिलं, आणि माणसं धावून आली ती चार हातांवरच थांबली. फिरत्या चाकाला हात कोण घालणार?

रंजीता थांबली नाही. ती हँडलपाशी आडवी पडली, हाताला लागली ती लाल दोरी तिनं ओढली. खुंटी निघाली. इंजिन जाग्यावर बंद झालं.

एका हिसक्यात. अमरनं सांगितलं होतं तसंच.

आलेल्या शांततेत महिपतनं जाळीतली बोटं सोडवली आणि तो पोराकडं धावला.

ॲम्ब्युलन्स उभीच होती, अमरनंच भांडून उभी केलेली. आदिलाबादच्या दवाखान्याच्या वाटेवर आत तिघंच होते, चौथा पट्टी दाबून धरणारा माणूस. पट्टी लाल होई, तो दुसरी लावी. रंजीताच्या मुठीत दोरी तशीच होती.

"मी तपासली होती, मामाजी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माह्या हातानं वढून पाह्यली. दोनदा. मंग हँडलले कशी आली? काऊन काढली असंल त्यायनं?"

महिपत खाली वाकून अमरच्या बुटाची नाडी सोडू लागला.

वाटेतलं जैनद गाव मागं पडलं तेव्हा अमरनं डोळे उघडले. त्यानं बापाला शोधलं. ओठ हलले, म्हणून दोघंही वाकले.

"बाबा... पाह्यलं ना? नोती बांधली मी. हात मोकळाच होता."

बापाची समजूत काढावी तसं तो म्हणाला. शपथ पाळलेल्या पोरानं शाबासकीची वाट पाहावी, तसा पाहत राहिला. महिपतनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "हो राजा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. "पाह्यलं."

रंजीतानं मान वर केली. सासऱ्याकडं पाहिलं. पट्टा कोणासाठी सुटला होता, ते तिला कळलं. रडणंही तिथंच थांबलं तिचं.

आदिलाबाद लागायच्या आधी पट्टी धरणाऱ्या माणसानं हात काढून घेतला. ड्रायव्हरला म्हणाला, "हळू चाल. घाई नको आता."

खिडकीबाहेर कापूस फुटलेला होता, पांढरा, दूरपर्यंत. रंजीतानं मूठ उघडली. लाल गुंडाळी सरळ केली. अमरचा हात उचलून मांडीवर घेतला, मनगटावरचं रक्त पदरानं पुसलं आणि पट्टा चढवला. खटकन आवाज झाला. मग सवयीनं तिनं पट्ट्याला एक हिसका दिला.

"आता तरी राहू द्या, मामाजी," ती म्हणाली.

महिपतनं पट्ट्याकडं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. दोरीचं दुसरं टोक खाली लोंबत होतं. खड्डा आला की ती खुंटी लोखंडावर टकटक वाजे, पुन्हा गप्प होई.