कानाचा दगड

हैदराबादजवळ भोनगीरच्या किल्ल्यावर, अगदी माथ्यावर, एक दगड आहे. त्याला कान लावला की चार कोसांवरून येणारी गाडी ऐकू येते. आमचे हे अडतीस वर्षं ही गोष्ट सांगत आले. सिकंदराबादच्या ऑफिसात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, कोठीच्या बाजारात भाजी घेता घेता सांगितली. सांगणारा रेल्वेतला, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही.

तसला दगड तिथे नाही. तो मी रचला.

त्रेसष्ट साली, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, आम्ही दोघं रेल्वेच्या पासावर भोनगीरला गेलो होतो. किल्ला कसला, एकच एक उघडा खडक, कढई पालथी घालावी तसा. धरायला झुडूपसुद्धा नाही. निम्म्यावर पोचल्यावर यांनी, म्हणजे हिम्मतरावांनी, खाली पाहिलं आणि बसले. बूट चावतोय म्हणाले. मी पदर खोचला आणि एकटीच वर जाऊन आले. खाली आल्यावर यांनी विचारलं, "काय होतं वर?" नवी नवरी होते तरी त्या बुटाचा राग होताच. दिलं ठोकून. गंमत म्हणून दोन दिवसांनी खरं सांगणार होते, पण घरी पोचेपर्यंत तो दगड यांनी स्वतः पाहिलेला झाला होता. मग माझं तोंड बंद झालं.

आणि बंदच राहिलं असतं. पण दोन हजार एक साली पुण्याचा अभिजीत आमच्या जामबागच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहायला आला. त्या दिवसांत हैदराबादेत ज्याच्या त्याच्या माडीवर काँप्युटरचा क्लास निघत होता. अभिजीतच्या कंपनीत मात्र खेळ बनवत. परदेशातल्या कुणासाठी सातशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्याचा गेम चालला होता आणि किल्ला घेतला होता भोनगीरचा. यांनी जेवताना त्याला दगडाची गोष्ट सांगितली. महिन्याभराने त्याच्या पडद्यावर एक शिपाई दगडाला कान लावून शत्रूची फौज किती लांब आहे ते ऐकू लागला. खेळाबरोबर एक पुस्तिका निघणार होती. तीत त्या खऱ्या दगडाचा फोटो आणि खाली 'मार्गदर्शक: हिम्मतराव' असं छापणार होते. हे ऐकून यांनी अर्ध्या जामबागला बोलावून सांगितलं.

"काका, रविवारी शर्वरी आणि मी फोटो काढायला जातोय," अभिजीत म्हणाला. शर्वरी त्याच्याच ऑफिसातली. "दगड दाखवायला तुम्ही चला."

"हौ, चलू की," हे म्हणाले आणि मोडलेली भाकरी हातातच राहिली.

"गुडघ्याचं काय?" मी विचारलं.

"गुडघा ठीक आहे."

"आणि बूट?"

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून संपवला.

रविवारी चौघं निघालो. पायथ्यापासून अभिजीत पुढे. खेळातल्या किल्ल्याचे कागद हातात. "आता डावीकडे दरवाजा येईल," असं म्हणायचा आणि डावीकडे सरळ कातळ यायचा. शंभर पायऱ्यांत तो धापा टाकू लागला.

"तुझ्या त्या शिपायाला दम लागत नाही वाटतं?" मी विचारलं.

"त्याला बटण आहे, काकू."

"मग तुला पण लावून घे एखादं."

शर्वरी खो खो हसली आणि त्याला ओढत पुढे घेऊन गेली. हे मागे पडले. निम्म्यावर, जिथे खडक एकदम उघडा होतो तिथे, यांनी खाली पाहिलं आणि बसले.

"भामा, तू जा वर. पोरांना दगड दाखव. माझा बूट..."

"चपला घातल्यात तुम्ही."

यांनी पाय मागे ओढून घेतले. कपाळावर घाम. वर पोरं दगड शोधणार, हे खाली बसून राहणार आणि परत जामबागला जाऊन तोंड दाखवायचं यांनाच होतं. म्हटलं, आता तरी सांगावं.

"अहो, दगड नाहीये वर. मी रचला होता."

आधी कळलंच नाही त्यांना. मग कळलं.

"रचला?"

"बुटाच्या रागात."

"अडतीस वर्षं!" ते उठून उभे राहिले. "साहेबांना सांगितला मी! व्याह्यांना सांगितला! ऑफिसातला नामदेवराव बिचारा मरेपर्यंत म्हणत होता, एकदा दाखव..." बोलता बोलता चालू लागले. मी मागून. मला काय काय म्हणत होते ते लिहीत नाही. खाली बघायचं विसरले आणि थेट माथ्यावर पोचले.

माथ्यावर शर्वरी गुडघ्यावर बसून एका धोंड्याला कान लावत होती. अभिजीत दुसऱ्याला. जवळच्या बकऱ्या दोघांकडे बघत होत्या.

"काका, कुठला?"

मला वाटलं, म्हणतील चोरीला गेला, फुटला असेल, काहीही. अर्ध्या जामबागसाठी तेवढं पुरलं असतं. हे श्वास घेत उभे राहिले.

"कुठलाच नाही. मी आज पहिल्यांदा वर आलो. त्या वेळी घाबरून खाली बसलो होतो. दगड हिच्या डोक्यातला आहे. पुस्तकातलं माझं नाव काढून टाक."

अभिजीतचा चेहरा पडला. "काका, खेळाची अख्खी लढाई त्या दगडावर आहे."

"मग दगड राहू दे ना," शर्वरी म्हणाली. "फोटो नको. नाव काकूंचं घालू."

"घाला," हे म्हणाले. "पुढे 'खोटारडी' लिहा." पण म्हणताना ओठ हलले. मग पाऊण तास ते माथ्यावर फिरले. हौद बघितले, तोफ बघितली, प्रत्येक गोष्टीला हात लावून बघितला. त्यांना इतकं हलकं झालेलं मी फार दिवसांनी पाहत होते.

पंचाईत उतरताना झाली. राग गेला होता, त्यामुळे भीती परत आली. पहिल्याच पायरीवर हे अडले. हात माझ्या खांद्यावर, नजर खाली दरीत.

चढवलं कशानं, ते मला ठाऊक होतं.

"अहो," मी म्हणाले, "सुलभावन्संनी परभणीहून पाठवलेला खवा नासला नव्हता. मी आणि शेजारच्या त्रिवेणीनं खाल्ला."

"काय?" एक पायरी.

"तुमचा रेडिओ पोरांनी पाडला नाही. झाडताना माझ्याच हातून पडला."

"मी आपल्या संदेशला मारलं त्याबद्दल!" तीन पायऱ्या.

"आणि बिदरच्या बदलीचं पत्र..."

"त्याचं काय?" माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला, नजर माझ्यावर. पाय आपोआप पडत होते.

निम्म्या वाटेवर माझ्या खऱ्या चुका संपल्या. खाली पोचेपर्यंतच्या मला नव्या रचाव्या लागल्या.