ही गाडी हिरवी आहे

“काका, यातली हिरवी गाडी कुठली?”

लाओसच्या बाजूच्या खिडकीतल्या तरुण साहेबानं परवान्यावरून मान वर करून विचारलं, तेव्हा खामसिंगनं मागं वळून पाहिलं. मागं एकच मोटरसायकल उभी होती, त्याची स्वतःची. ती चांगली टोमॅटोसारखी लाल होती आणि दुपारच्या उन्हात तर जास्तच लाल दिसत होती.

“हीच की,” खामसिंग म्हणाला.

“ही? हिच्या नोंदणीच्या पुस्तकात लाल लिहिलंय, परवान्यात हिरवी. आणि मला तर डोळ्यांनी लालच दिसतेय.”

“गाडीवरपण लिहिलंय, साहेब.” खामसिंगनं टाकीकडे बोट केलं. टाकीवर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर थाई अक्षरांत स्वच्छ लिहिलं होतं, ‘ही गाडी हिरवी आहे’.

मागं लसणाच्या गोण्यांची हातगाडी घेऊन उभी असलेली बाई खो खो हसली. “घ्या साहेब! आता गाडीनंच जबाब दिला.”

“मग पट्टीला सोडतो आत,” साहेब म्हणाला. “गाडी राहू दे इथंच.”

सीमेपलीकडच्या छोंग मेकच्या थाई खिडकीवर त्याच्या पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला होता. थायलंडमध्ये राहायची मुदत आज संपत होती, त्यामुळं मागं जायची सोय नव्हती. कागद जुळला नाही तर तो एकटाच पुढं जाणार आणि गाडी मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणार. तिथं आधीच तीन-चार गाड्या गवतात चाकं रुतवून उभ्या होत्या. त्यांचे मालक कुठं गेले कुणास ठाऊक.

चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. थाई खिडकीतल्या बाईनं परवाना भरताना मान खाली घालून विचारलं होतं, “रंग?” आणि हा पठ्ठ्या क्षणाचाही विचार न करता म्हणाला होता, “हिरवा.” जिभेला वळणच तसं पडलेलं होतं.

ते वळण लावलं होतं लमाईनं, त्याच्या बायकोनं. खामसिंग लाओसमधून येऊन थायलंडातल्या उबोनला बर्फाच्या कारखान्यात लाद्या कापायचा, लमाई रस्त्याच्या कडेला कच्च्या पपईचं तिखट कोशिंबिरीसारखं सोम तम कुटून विकायची. दोघांनी पैसे साठवून गाडी घेतली, तेव्हा दुकानात एकच उरली होती आणि ती लाल होती. घरी आणल्यावर लमाईला आठवलं, नवरा सोमवारचा जन्मलेला! सोमवारच्या माणसाला लाल रंग म्हणजे घात. ती तशीच देवळातल्या म्हाताऱ्या भिक्खूंकडे धावली. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि उपाय सांगितला. गाडी हिरवी आहे असं गाडीवर लिहा, आणि मालकानं तिला स्वतःच्या तोंडानं कधी लाल म्हणू नये.

लमाई अशा बाबतीत कुणाचं ऐकणारी नव्हती. रोज सकाळी तो किक मारायला लागला की ती खलबत्त्यातून मान वर न करता विचारायची, “कुणी विचारलं तर काय सांगायचं?”

“हिरवी.”

“पोलिसानं विचारलं तर?”

“हिरवी गं बाई!”

कारखान्यातले लोक त्याची टर उडवायचे. “खामसिंग, सिग्नल लाल आहे का हिरवा, तेवढं आम्हाला विचारून जात जा,” म्हणायचे. पण एकदा उसाचा ट्रक त्याला घासून गेला आणि नुसतं कोपर खरचटण्यावर भागलं, तेव्हापासून लमाईची खात्रीच पटली. पट्टी उन्हानं फिकी पडली की दर नव्या वर्षाला ती नवी पट्टी लावायची. आता टाकीवर होती ती तिच्या हातची शेवटची. गेल्या पावसाळ्यात पोटाच्या दुखण्यानं ती गेली. पंधरा-सोळा वर्षं नवऱ्याच्या जिवाला जपत राहिली, आणि तिच्यासाठी कुणी कसली पट्टी लावली नव्हती. खामसिंगला हे सारखं टोचायचं.

उबोनमधल्या एका दुकानदारानं गाडी विकत मागितली होती. खामसिंगनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

“साहेब, म्हातारी आई आहे गावाकडं,” तो आता म्हणाला. “कायमचा निघालोय. सगळं तिकडं देऊन टाकलं, एवढी गाडी ठेवली. काहीतरी करा.”

साहेबानं त्याच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि फोन उचलला. थाई खिडकीतल्या बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा खणखणीत निघाला.

“मी एकदा नाही, दोनदा विचारलं हो त्यांना! दोन्ही वेळा हिरवा म्हणाले. आता दुरुस्त करते, पण त्यांना माझ्याशी बोलू द्या. मालकानं स्वतः सांगितल्याशिवाय मी खाडाखोड करणार नाही.”

साहेबानं फोन खिडकीबाहेर धरला. “सांगा काका. एकच शब्द आहे.”

खामसिंग फोनकडे वाकला.

“हॅलो? कुठला रंग?”

“म्हणजे... मिरचीसारखा,” खामसिंग म्हणाला.

“मिरची हिरवीपण असते!” लसूणवाली ओरडली.

“पिकलेली मिरची.”

“पिकलेली पिवळीपण असते माझ्या परसात. अहो दादा, बोला की सरळ! माझ्या लसणाला कोंब फुटतील इथं.”

रांग हसली. साहेबही हसला, पण मग त्यानं खामसिंगच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सोमवार का, काका?”

खामसिंगनं मान डोलावली.

“मी शुक्रवारचा. पट्टी कुणी लावली?”

“बायकोनं.”

“कुठं असतात त्या?”

“नाही आता.”

लसूणवालीचं हसू विरलं. साहेबानं फोनचा हात तसाच पुढं धरून ठेवला.

खामसिंग गाडीजवळ गेला. पट्टीचा एक कोपरा सुटत चालला होता, तो त्यानं अंगठ्यानं दाबला. मग लहान मुलाचे कान झाकावेत तसा त्यानं अख्खा तळवा पट्टीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “लाल.”

“लाल,” फोनमधली बाई म्हणाली. “झालं. लिहिलं.”

काहीच झालं नाही. पत्रा कोसळला नाही की आभाळ फाटलं नाही. खट्कन शिक्का बसला आणि कागद खिडकीतून बाहेर आला. खामसिंगला छातीवरून बर्फाची लादी उतरवल्यासारखं मोकळं मोकळं वाटत होतं. इतकी वर्षं आपण त्या शब्दाला केवढे भ्यायलो, असं वाटून त्याला हसूच आलं.

फाटकातून निघाला तर सवयीनं डाव्या बाजूनं. “उजवीकडून!” लसूणवाली मागून ओरडली. “आपल्याकडं उजवीकडून चालवतात, दादा! विसरलात का सगळं?” तो हात हलवून उजवीकडे वळला. पाकसे शहर मागं पडलं, रस्ता चढू लागला, कॉफीचे मळे आले आणि हवा गार झाली.

दिवेलागणीला तो घरी पोचला. आई जिन्याची पायरी न पायरी चाचपत खाली आली. आधी तिनं त्याचा चेहरा हातांनी नीट पाहून घेतला, मग गाडीपाशी जाऊन टाकीवर हात फिरवला. पट्टीपाशी हात थांबला.

“लमाई फोनवर सांगायची ती गाडी हीच?”

“हीच.”

म्हातारीनं डोळे बारीक केले. “मला तर लाल दिसतेय.”

खामसिंगनं पट्टीचा सुटलेला कोपरा पुन्हा अंगठ्यानं दाबला.

“हिरवी आहे, आई.”

“हिरवीच बरी,” ती म्हणाली. “तू सोमवारचा.”

त्यानं मागच्या सीटवर बांधलेला लमाईचा खलबत्ता सोडवून आईच्या हातात दिला आणि गाडी घराखाली, खांबांमधल्या कोरड्या जागेत लावली.