कुशाबा ओसाकात जेवला

नांदे गावच्या कुशाबाने जपानात तिसऱ्याच महिन्यात सांगून टाकलं, "मी गावाकडं जातो."

साल १९५८. जपानी पद्धतीची भातशेती शिकायला सरकारी योजनेतून त्याला ओसाकाजवळच्या एका शेतीशाळेत धाडलं होतं. वय चाळीस. मुळशी खोऱ्यात त्याच्यासारखी लावणी करणारा गडी नव्हता, आणि इथे एक पोरसवदा मास्तर त्याला ताणलेल्या दोरीवर रोपं लावायला लावायचा. त्या दिवशी मास्तरने वाकडी झाली म्हणून अख्खी ओळ उपटवली. कुशाबा चिखलातून निघाला तो थेट दुभाष्याकडे.

दुभाष्या ओकादा तरुणपणी मुंबईत रुईच्या पेढीवर होता. मोडकी हिंदी बोलायचा, मराठी बरीच समजायची. तो एवढंच म्हणाला, "परतीचा अर्ज उद्या लिहू. आज शहरात जेवायला चला."

ओसाकाच्या एका गल्लीत दारावर कापडी पडदा, बाहेर तांबडा कागदी कंदील. त्या दुकानाला तिथे इझाकाया म्हणत. आत आठ माणसं खेटून बसतील एवढीच जागा. समोर लांब फळी, फळीपलीकडे निखारे, त्यांवर मासे. कारखान्यातून सुटलेली माणसं छोट्या पेल्यांतून काहीतरी ऊन ऊन पीत होती.

"ह्यो गुत्ता हाय व्हय?" कुशाबा दारातच थबकला. "आमच्याकडं दारूबंदी हाय."

"तुम्ही चहा घ्या," ओकादा हसला. "इथे लोक पितात, जेवतात, पण येतात ते गप्पा मारायला."

मालकीण तोमेबाई पन्नाशी उलटलेली. तिने भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं आणि भात पुढे ठेवला. कुशाबाला जेवायच्या काड्या जमेनात, तेव्हा तिने खुणेने सांगितलं, खा हाताने. ओढ्यातले मासे चुलीत भाजून खाल्लेला माणूस तो. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला. शेवटी तिने भांड्याच्या बुडाची खरवड काढली, मीठ लावलं आणि त्याच्या हातावर ठेवली. कुशाबाने ती कणनकण चाटून खाल्ली.

तिने त्याच्या फुटक्या नखांकडे पाहून ओकादाला काही विचारलं. ओकादाने दोरीची हकिगत सांगितली. सगळं दुकान हसलं. तोमेबाई हसली नाही. फडक्याला हात पुसत ती फळीबाहेर आली आणि हातात दांडा असल्यासारख्या मुठी वळून, ताठ उभी राहून, पुढे ढकलत चार पावलं चालली.

ओकादा सांगू लागला, "हिचा नवरा लढाईत गेला. घरात ही आणि सासू. रोपांच्या ओळी सरळ होत्या, म्हणून मधून दातेरी चाक ढकलत एकटीने तण काढायची. वाकडी लावणी असती तर जमीन सोडावी लागली असती म्हणते."

कुशाबाला आपलं घर आठवलं. त्याची विधवा बहीण साळूबाई दर साली कमरेत वाकून खाचरातलं तण बेणायची. पस्तिशीतच तिची पाठ सरळ होत नव्हती.

"मास्तरनं ह्ये आदी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत?"

कुशाबा फळीकडे सरकून बसला. मग म्हणाला, "बाईस्नी इचारा, चाक केवढं? दांडा किती लांब?"

त्याबरोबर शेजारचे दोघे कामगारही बोलण्यात पडले. चाकाला दात किती, यावरून त्यांचं जुंपलं. तोमेबाईने दोघांना गप्प करून आकडा सांगितला.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला गेला नाही. मास्तर शेतावर आला, तेव्हा कुशाबा दोरी ताणून उभा होता.

पुढच्या आषाढात त्याने नांद्यात दोरी लावली, तेव्हा बांधावर माणसं जमली. "भाताला दावं बांधतूस काय रं?" शेजारचा जयसिंग म्हणाला.

श्रावणात साळूबाईने जपानहून आणलेलं चाक हातात घेतलं. दोनदा रुतलं. तिसऱ्या फेरीला चिखल उडवत पुढे पळालं. दुपारपर्यंत खाचर उरकलं.

"दादा, आता काय करू?"

"बस की जरा."

ती बांधावर टेकली. पलीकडच्या खाचरात जयसिंगाची बायको जया वाकून तण उपटत होती. साळूबाईने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, मग हाक मारली, "जये, हिकडं ये! पुढल्या साली तुमच्यातबी दोरी लावू. ह्ये चाक ढकलून तर बघ."